एका पुठ्ठ्यातली दोन पुस्तकं

“आई, तू पुस्तकं बघायला आलीयेस की तपासणीला?”

केतकीचं काही चुकत नव्हतं. हायडेलबर्गच्या त्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात मी तासभर एकेक पुस्तक काढत होते, कणा चाचपत होते, मागचं पान उघडून बघत होते आणि परत ठेवत होते. जर्मन भाषेतलं एक अक्षर मला येत नाही. पण शिवण सैल झालीय, डिंक कमी पडलाय, हे कळायला भाषा लागत नाही. तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात तेहतीस वर्षं काढलेल्या बाईला लेकीनं युरोप दाखवायला नेलं, तर ती दुसरं काय करणार? वर किल्ला बघायला जायचं होतं, तो राहिला. त्याला आता चौदा वर्षं झाली, अजून राहिलाच आहे.

दुकानदार सत्तरीचा, जून महिन्यातही स्वेटर घातलेला. केतकीनं त्याला आम्ही भारतातल्या म्हणून सांगितलं, तसा तो आत गेला आणि दोन खोकी ओढत घेऊन आला. तिथल्या विद्यापीठातले एक म्हातारे प्राध्यापक वारले होते. त्यांच्या पुतण्यानं घर रिकामं करताना भारताविषयीची सगळी पुस्तकं याच्या गळ्यात मारली होती. याला त्यातलं काही कळत नव्हतं आणि कुणी घेतही नव्हतं.

पहिल्या खोक्यात शब्दकोश आणि जुनी गॅझेटियरं होती. दुसऱ्याच्या तळाशी हिरव्या रेक्झिनचं एक पुस्तक होतं. कण्यावर पांढऱ्या रंगात आकडा होता, ४११६.

मी तिथंच फरशीवर बसले.

“काय झालं? चक्कर येतेय का?”

“हे आपल्या वाचनालयाचं पुस्तक आहे.”

“आपल्या म्हणजे? भारतातल्या?”

“आपल्या म्हणजे आपल्या गं. पोस्टासमोरच्या.”

केतकी हसायला लागली. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली. आकड्यातला तो चार आमच्या जुन्या ग्रंथपालांच्या, अण्णांच्या हातचा होता. चार काढताना ते वरच्या टोकाला बारीकशी गाठ द्यायचे. दुसरं कुणी तसा चार काढलेला मी बघितला नाही.

पुस्तक होतं ‘जिल्ह्यातील जत्रा आणि उरूस’. पहिल्या पानावर आमचा जांभळा शिक्का. सवयीनं मी शेवटचं पान उघडलं. तिथं आम्ही तारखेची चिठ्ठी चिकटवतो. कुणी, कधी नेलं ते तिच्यावर लिहितात. शेवटची नोंद १२ डिसेंबर १९७८, वाचक क्रमांक २१२. अक्षर माझं. आणि २१२ क्रमांकही माझाच.

इथवर मला गंमतच वाटत होती. मग चिठ्ठीशेजारच्या पानावर नजर गेली. त्यावरचा मजकूर जत्रांबद्दलचा नव्हता. मी पानं उलटी चाळत मागे गेले. पुस्तकाच्या मधोमध, एकशे दहा पानांनंतर, दुसऱ्याच पुस्तकाचं मुखपृष्ठ होतं. ‘नागोजीबुवांची समाधी : एक चौकशी’. लेखक शि. ग. मोकाशी.

हे पुस्तक आमच्या गावानं एकतीस वर्षांपूर्वी चौकात जाळलं होतं.

नागोजीबुवा आमचं ग्रामदैवत. चैत्रात त्यांची मोठी जत्रा भरते. मोकाशी मास्तर हायस्कुलात इतिहास शिकवायचे. जुने कागद धुंडाळून त्यांनी हे चौऱ्याऐंशी पानांचं पुस्तक लिहिलं आणि पदरमोड करून छापलं. दोन-अडीच वर्षं त्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. मग १९७९च्या जत्रेआधी देवस्थानच्या सभेत कुणीतरी उठून सांगितलं, मास्तरानं बुवांची बदनामी केलीय. तेवढं पुरलं. मास्तरांच्या घरावर दगड पडले. मास्तरांनी माफीपत्र लिहून दिलं आणि ते इंदूरला मुलाकडे निघून गेले. गावातल्या सगळ्या प्रती गोळा झाल्या. एक वाचनालयात होती, दाखल क्रमांक ४११७. ती न्यायला नऊ एप्रिलला शंभर-सव्वाशे माणसं आली.

तारळकर अण्णा तेव्हा आमचे ग्रंथपाल होते. मी त्यांच्या हाताखालची मदतनीस, पंचवीस वर्षांची. वडील नव्हते, घरी आई आणि शिकणारे दोन भाऊ. अण्णांनीच मला कामाला लावून घेतलं होतं. खळ शिजवण्यापासून रजिस्टर लिहिण्यापर्यंत सगळं त्यांनीच शिकवलं. आई त्यांच्या घरी दर सणाला पुरणपोळ्या पाठवायची.

त्या दिवशी वाचनालयाचे अध्यक्ष बापूसाहेबच लोकांच्या पुढे होते.

“तारळकर, द्या ते पुस्तक आन् मोकळे व्हा.”

अण्णांनी रजिस्टर बघितलं. वाचकांच्या कार्डांचा ट्रे ओढला, त्यात बराच वेळ काहीतरी केलं. मग कपाट उघडून पाठमोरे उभे राहिले.

“पुस्तक जागेवर नाही.”

“मग कुठं हाय?”

“ते मी सांगू शकत नाही.”

लोकांनी कपाटं उपसली. पुस्तक मिळेना, तेव्हा कुणाला तरी वर्णेकरसाहेब आठवला. त्याचं खरं नाव वेर्नर. जत्रांचा अभ्यास करायला आलेला जर्मन. चार महिने आमच्या वाचनालयात बसायचा, कांदाभजी खायचा. गावानं त्याचा वर्णेकर करून टाकला होता. जानेवारीत तो मायदेशी गेला होता. तारळकरानं पुस्तक साहेबाला विकलं, बुवांची अब्रू परदेशात नेऊन विकली, हे संध्याकाळपर्यंत पोराटोरांच्या तोंडी झालं.

तीन दिवसांनी वाचनालयाच्या समितीची चौकशी बसली. मला बोलावलं.

“कपाटाच्या चाव्या कुणाकडं असतात?”

“अण्णांकडे.”

“वाचनालय बंद झाल्यावर साहेब आन् तारळकर बसायचे का?”

“बसायचे.”

दोन्ही उत्तरं खरी होती. त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली. अण्णा समोरच्या बाकावर होते. माझ्याकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला, आणि सहा महिन्यांनी त्यांच्या खुर्चीवर मला बसवलं. मला खरंच वाटलं होतं, अण्णांना मोह झाला. वाईट वाटलं, त्याहून जास्त राग आला. पुढे अण्णा घरी शाळांची हजेरीपुस्तकं बांधून देऊन दिवस काढू लागले. रस्त्यात समोर आले की मान वळवायचे. चोरी उघडी पडल्याची लाज असेल, असं मी धरून चालले. गावही एकतीस वर्षं तेच धरून चाललं होतं.

आणि आता ते पुस्तक माझ्या मांडीवर होतं.

कसं झालं ते मला तिथल्या तिथं उमगलं, कारण ते आमच्याच धंद्यातलं होतं. मे महिन्यात आम्ही वाचनालयातच बांधणी करायचो. बारकी, किरकोळ जाडीची पुस्तकं असली की दोन-दोन एकाच पुठ्ठ्यात बांधायची, रेक्झिन वाचतं. कण्यावर फक्त पहिल्याचा क्रमांक. दुसऱ्यापुढे रजिस्टरात शेरा लिहायचा, ‘अमुक क्रमांकासोबत बांधले’. ४११७ पुढे असा शेरा नव्हता; ते रजिस्टर मला तोंडपाठ होतं. अण्णांकडून लिहायचा राहिला असणार. परदेशी माणसाला सभासद होता येत नसे, म्हणून वर्णेकरसाहेबाला मी माझ्या कार्डावर पुस्तकं द्यायची. त्यानं जत्रांचं पुस्तक मागितलं. मी कपाटातून काढलं, चिठ्ठीवर माझा क्रमांक टाकला आणि दिलं. पोटात आणखी काय आहे ते उघडून बघितलं नाही. साहेब ते परत न करताच मायदेशी घेऊन गेला; वारलेले प्राध्यापक म्हणजे तोच.

अण्णांनी पुस्तक विकलं नव्हतं. ते मी दिलं होतं.

“आई, तो विचारतोय, या पुस्तकावर शिक्का आहे. चोरीचं असलं तर तो पैसे घेणार नाही म्हणतोय. असंच घेऊन जा म्हणतो.”

“त्याला सांग, चोरीचं नाही. आणि पैसे घे म्हणावं, पावती पण दे.”

“पावती कशाला?”

“हवीय मला.”

म्हाताऱ्यानं पावती लिहिली. त्यावर पुस्तकाचं नाव काय लिहायचं, हे त्यानं केतकीला विचारलं. केतकीनं मला विचारलं. मी दोन्ही नावं सांगितली.

पुस्तकावर सरकारी बंदी कधीच नव्हती, हे मला माहीत होतं. तरी येताना विमानतळावर पर्स छातीशी धरून मी अशी उभी होते की पोलिसांनी आधी मलाच बाजूला घ्यायला हवं होतं. विमानात मी ते वाचलं. जाळणाऱ्यांत होते त्यांतल्या कुणी वाचलेलं असेल असं वाटत नाही. चौकशीत बसलेल्यांनी नव्हतं, आणि मीही नव्हतं. मास्तरांनी एवढंच म्हटलं होतं, की बुवा तरुणपणीच गाव सोडून गेले, ते परत आल्याची नोंद कुठंच सापडत नाही. समाधीत आहे ती त्यांची मागे राहिलेली बायको, गोदाई. दुष्काळात गावाला तिनं जगवलं, विहीर तिनं खोदवली. लोक तिला बुवांच्या नावानं हाक मारत राहिले, आणि पुढे नाव तेवढं उरलं. बदनामी शोधून सापडली नाही. मास्तरांनी लिहिलं होतं फार मायेनं.

घरी पोचल्यावर मी आधी वाचनालयात गेले. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत जुनी कार्डं आहेत. मी काही टाकत नाही, त्यावरून समितीशी भांडणंही झालीत. २१२ क्रमांकाचं कार्ड मिळालं. ४११६, दिलं १२ डिसेंबर १९७८. परत, ९ एप्रिल १९७९. पुढे अण्णांची सही.

नऊ एप्रिल. साहेब जाऊन तीन महिने झाले होते, आणि बाहेर ती सव्वाशे माणसं उभी होती. ट्रे ओढून अण्णा बराच वेळ काय करत होते, ते मला आता कळलं. पुस्तक माझ्या नावावर होतं. दोन्ही पुस्तकं एकत्र बांधलीत हे कळून लोकांनी कार्ड बघितलं असतं, तर बोट माझ्याकडे वळलं असतं. अण्णांनी खोटी जमा मांडली आणि मला वाचवलं.

मग त्या संध्याकाळचं बोलणं आठवलं. सगळे गेल्यावर अण्णांनी मला विचारलं होतं, “हेमा, तुझ्या कार्डावरची पुस्तकं बघितलीस का?” मी कार्ड काढून वरवर बघितलं. सगळीकडे जमा, सह्या. तारखा कोण बघतंय? जानेवारीत आईच्या तापामुळे मी आठ दिवस घरी होते, तेव्हा साहेब देऊन गेला असणार, असं वाटलं. पुढे ४११६ कपाटात मिळालं नाही, ते त्या दिवशीच्या उपसाउपशीत गेलं असं मी धरलं. “बघितली अण्णा. सगळी जमा आहेत,” मी म्हटलं. अण्णा जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले होते आणि “बरं” म्हणाले होते.

त्या दुपारीच मी त्यांच्याकडे निघाले. त्यांचे पाय धरायचे, समितीला लिहून द्यायचं, येत्या फेब्रुवारीत माझ्या निरोप समारंभात सगळ्या गावासमोर वाचून दाखवायचं, असं सगळं मनात ठरवून. एकतीस वर्षांत मी त्या घराची पायरी चढले नव्हते.

दार अण्णांच्या बायकोनं, काकूंनी उघडलं. ओळखलं, पण ‘ये’ म्हणाल्या नाहीत. नुसत्या बाजूला झाल्या. अण्णा खिडकीजवळच्या कॉटवर बसले होते, त्र्याऐंशी वर्षांचे, डोळ्यांवर जाड भिंग. खोलीत खळीचा वास होता.

“कोण आहे?”

“वाचनालयातल्या,” काकू म्हणाल्या.

“या, शेटेबाई,” अण्णा म्हणाले. “बसा.”

ते मला कधी ‘बाई’ म्हणाले नव्हते. ‘हेमा’ म्हणायचे. मी खुर्चीच्या कडेला बसले. काकू आत चहा टाकायला गेल्या. मी पिशवीतून पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी आधी कणा चाचपला, मग कोपरे, मग आतली शिवण. बोटं थांबली.

“कुठं मिळालं?”

“जर्मनीत. साहेब वारला. त्याची पुस्तकं विकायला आली होती.”

“शेरा लिहायचा राहिला माझ्याकडून,” ते म्हणाले. “त्या मे महिन्यात हिला बरं नव्हतं. घाई झाली.”

“अण्णा, तुम्ही माझ्यासाठी केवढं सोसलंत. मी आलेय ते…”

“आलात, बरं झालं. मी वाट बघितली. पहिली दहा-बारा वर्षं बघितली, मग सोडून दिलं.”

मला कळेना. “कसली वाट?”

“तुम्ही येऊन सांगाल, याची.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “त्या दिवशी माणसं रॉकेल घेऊन उभी होती. तुमचं नाव पुढे येऊ द्यायचं नव्हतं, म्हणून मी सही केली. चूक अर्धी माझी होती. पण चौकशीत, चार माणसांत, तुम्ही म्हणाल असं वाटलं होतं, की साहेबाला पुस्तक मी दिलं, चुकून गेलं. तेवढं म्हणाला असता, तर मी पुढचं सांभाळलं असतं. तुम्ही चाव्या माझ्याकडे असतात म्हणालात आणि सही केलीत.”

“मला ठाऊकच नव्हतं.”

“काय ठाऊक नव्हतं?”

“ते पुस्तक यात बांधलंय हे. ते मी दिलं हे. मला गेल्या महिन्यात कळलं, अण्णा. त्या दुकानात.”

अण्णांनी भिंगातून माझ्याकडे बघितलं. “मी विचारलं होतं की. त्याच संध्याकाळी. तुझ्या कार्डावरची बघितलीस का, म्हणून. तू म्हणालीस, सगळी जमा आहेत.”

“कार्डावर जमाच होती. तुमची सही होती. मला वाटलं, साहेबानं परत केलं.”

पुस्तक मांडीवर होतं. मग त्यांनी चष्मा काढला.

“म्हणजे माझ्याच सहीनं,” ते म्हणाले. “आणि मी समजत राहिलो, पोरगी कळून-सवरून गप्प बसली. नोकरीसाठी.” “तुझी आई गेली ना, तेव्हा मी निघालो होतो गं. तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो. माणसं जमली होती. तिथून परत फिरलो. तिच्या हातचं इतकं खाल्लं, आणि परत फिरलो.”

मला रडू आवरेना. मी त्यांचे पाय धरले, तर ते माझे हात सोडवायला लागले. ते रडत होते आणि मला म्हणत होते, “ऊठ हेमा, ऊठ, तू काही केलं नाहीस.”

पुढे मी समितीला सविस्तर पत्र दिलं, कार्डाची आणि पावतीची नक्कल जोडून. समितीनं ते दप्तरी दाखल केलं. निरोप समारंभात मी वाचायला उभी राहिले, तेव्हा नव्या अध्यक्षांनी वेळेअभावी सत्कार आधी उरकून घेतला. तरी मी वाचलं. लोक नारळ आणि शाली सावरत ऐकत होते. निम्म्यांना तारळकर कोण तेच आठवत नव्हतं. अण्णांच्या कानावर घालायला मी घरी गेले नाही, कारण तोवर ते उरले नव्हते. मार्गशीर्षात गेले. पण अण्णांकडे गेले त्या दुपारी अजून एक गोष्ट झाली, आणि मला रात्रंदिवस आठवते ती तीच.

मी अण्णांच्या पायाशी जमिनीवर बसले होते. आतल्या दारात काकू उभ्या होत्या, हातात चहाचा ट्रे. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक; चहावर साय धरली होती.

“म्हणजे तुम्ही विकलं नव्हतं?” त्यांनी विचारलं.

अण्णांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. चष्मा नव्हता, त्यामुळे त्यांना त्या नीट दिसत नसणार.

“काय?”

“पुस्तक. साहेबाला. तुम्ही विकलं नव्हतं?”

“तुला वाटत होतं, मी विकलं?”

काकूंनी मान खाली घातली.

“इतकी वर्षं?” अण्णा म्हणाले. “अगं, मग विचारायचंस की मला. एकदा तरी विचारायचंस.”

काकूंनी ट्रे तिथंच उंबऱ्यावर ठेवला. “तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही विचारलं,” त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून तिथंच खाली बसल्या.